लेक आल्याबिगर

आमच्या आबांचा हात मिटिंगमधी लई लवकर वर जातो. पाण्याच्या टाकीला जागा कोण देतंय? आबांचा हात वर. सप्त्याची पंगत कोणाकडं? आबांचा हात वर. आन् मागं राबायला कोण? मी, सुलक्षणा, त्यांची एकुलती एक सून, आन् माझ्या सासूबाई सगुणाबाई. तसाच त्यो हात कॉलेजच्या मिटिंगमधीबी वर गेला. केडगावच्या अल्याड आमचं कॉलेज हाय, आबा त्याच्या कमिटीवर. कॉलेजानं आफ्रिकेतल्या एका विद्यापीठासंगं करार केला. तिकडच्या पोरी शेतीचं शिकायला खुटबाव-केडगावला येणार, आन् इकडं होस्टेलच्या खोल्यांना अजून दारंबी बसली नव्हती. परदेशी पोरांचं सगळं बघायला इंद्रजीत सर म्हणून एक प्राध्यापक हायत. त्यांनी इचारलं, एखादी पोर कोणी घरी ठेवील का? आबांनी घरी येऊन थेट सांगितलं, "सोमवारी पोरगी येतीय. वरची खोली झाडून घ्या."

मी म्हणलं, "इचारायची काही पद्धत हाय का न्हाई ह्या घरात?"

सासूबाई म्हणाल्या, "आगं, ती खाती काय, ते इचार आधी."

मरियामू तिचं नाव. टांझानियाच्या एका बेटावरली, लवंगांच्या बागा असत्यात तिथली. बाप न्हाई, आई आन् एक थोरला भाऊ. "मरियामू म्हंजी मरियमच की," सासूबाई म्हणाल्या. "केडगावच्या मिशनात हुती माझ्या वळखीची एक मरियम. लई गुणाची." झालं, तवापासून ती मरियम. पहिले काही दिवस गावातल्या बायका इरजणाच्या निमित्तानं येऊन तिला बघून जायच्या. एकीनं तर तिच्या केसांना हात लावून बघितला. मी म्हणलं, "थांब, दारात तिकीटखिडकीच काढते." मरियमला मराठीचं अक्षर कळत नव्हतं तवा, पण माझा आवाज ऐकून ती अशी खदाखदा हसली की ती बाईच लाजून पळाली. मला त्याच दिवशी पोर आवडली. माझ्या तोंडाला हसणारं माणूस आमच्या घरात त्याआधी कोणी नव्हतं.

सासूबाईंचं निराळंच. त्यांच्या पोटाला एक ल्योक, माझे मालक जालिंदर, जे कुरकुंभच्या कंपनीत पाळ्या करत्यात. लेक न्हाई. हे दुखणं त्या बोलून दाखवायच्या न्हाईत, पण पंचमीला शेजारणींच्या लेकी माहेरी आल्या की त्या उगंच गोठ्यात काम काढून बसायच्या. मरियम आली आन् त्यांच्या तोंडात एकच मंत्र बसला, "दोन घास खा गं माझे बाई." सकाळी खा, कॉलेजला निघाली तर खा, आली की खा. तिच्या रोज्याच्या महिन्यात म्हातारी पहाटं तिच्याआधी उठायची आन् चुलीवर भाकरी थापायची. मी म्हणायचे, "उपास तिचा हाय, झोप तुमची मोडतीय." त्या म्हणायच्या, "लेकरू उपाशी ऱ्हाणार दिसभर. तुला न्हाई कळायचं."

मरियमला सगळ्यात आवडायची मासवडी. बेसन शिजवून, ओल्या फडक्यावर थापून, आत तीळ-खोबऱ्याचं सारण भरून वळायची, वड्या पाडायच्या, वर झणझणीत रस्सा. लई कुटाण्याचं काम. पोर नाकातनं पाणी गळंस्तवर खायची आन् वर म्हणायची, "आजी, अजून एक."

तिची आई फोनवर दिसायची. डोक्यावरनं रंगीत कापड, गाल मरियमसारखेच वर आलेले. सासूबाई तिला विहीणबाई म्हणायच्या. फोनमधी तोंड घालून वरडायच्या, "विहीणबाई, जेवला का?" तिकडनं ती काहीबाही बोलायची, मरियम मधी बसून दोन्हीकडचं सांगायची, न्हाईतर नुसतीच हसत बसायची. एकदा त्या माउलीनं येणाऱ्या एका पोरीसंगं लवंगांची पिशवी धाडली. सासूबाईंची दाढ किडकी. त्या दिवसापासनं जेवण झालं की एक लवंग त्यांच्या गालात असायचीच. म्हणायच्या, "विहिणीनं दाढ सांभाळली माझी."

असं वरीस सरत आलं. पोर मराठी बोलायला लागली, माझ्यासारखं फटकळ बोलायला लागली. शेवटच्या परीक्षा सुरू झाल्या. त्या झाल्या की ती सुट्टीला घरी जाणार हुती.

त्या दिवशी मी रेशनकार्डाच्या अंगठ्यासाठी दौंडला गेलेले. मशीन अंगठा घेईना, उद्या या म्हणले. मी त्यांना दोन शब्द सुनवले आन् दुपारच्या डेमू गाडीनं परत आले. खुटबावला उतरून घरी पोचले तर दारात सरांची गाडी. ओट्यावर आबा, शेजारचे भिमाजी आप्पा, आन् उंबऱ्याला टेकून इंद्रजीत सर. आप्पांच्या हातात तंबाखू हुती, पण ते मळत नव्हते. आन् आतनं वास येत हुता मासवडीचा.

आमच्याकडं असं असतंय. ज्याचं माणूस गेलं, त्याला लगेच सांगत न्हाईत. आधी पोटभर खाऊ घालत्यात, कारण एकदा कळलं की घशाखाली घास उतरत न्हाई. मग म्हणत्यात, "बरं न्हाई त्यांना, सिरियस हाय, निघ." फोन काढून घेत्यात, वाटंत कोणी सांगू नये म्हणून. माझे वडील गेले तवा ह्याच घरात मला भरलं वांगं वाढलेलं. मी आवडीनं खाल्लं. वर ठेचा मागून घेतला. मग मला जीपमधी घातलं, आन् माहेरच्या, वडगाव रासाईच्या शिवंवर पोचल्यावर आमच्या दारातली माणसं लांबनं दिसली. आत अंगणात वडील वाट बघत पडले हुते. लेक आल्याबिगर आमच्यात उचलत न्हाईत. त्यांचं तोंड मला दिसलं, पण त्या दिवसापासनं भरलं वांगं माझ्या ताटात आलं की मी ताटावरनं उठते.

आत गेले तर मरियम पाटावर बसलेली. हात रश्श्यात माखलेला, नाक लाल.

"ताई, ये ये! आजीनं मासवडी केली. माझा पेपर झाला म्हणून!"

सासूबाई तिच्या ताटात वाढत हुत्या आन् तोंड भिंतीकडं करून हुत्या. मी त्यांना धरून मागच्या दारी नेलं.

"कोण गेलं?"

"विहीणबाई," त्या म्हणाल्या. पदर तोंडात घातला. "सकाळीच गेली म्हणं. छातीत कळ आली. भावानं सरांना फोन केला. सर म्हणले, पेपर हुंदे. ह्यो शेवटचाच हुता. मग मी म्हणलं, दोन घास खाऊ दे लेकराला. आता सर सांगतील, आई सिरियस हाय म्हणून. रातच्याला विमान हाय."

"तिचा फोन कुठंय?"

"आबांनी पेटीत ठिवलाय. चार्जिंगला लावलेला, तिथनं उचलला. तिला कळलं न्हाई."

तवाच मला ऐकू आलं. पत्र्याच्या पेटीत गोधड्यांखाली फोन थरथरत हुता. थांबला. परत थरथरला.

मी बाहेर आले. "सर, भाऊ काय म्हणला? जसंच्या तसं सांगा."

सरांनी मान वर केली न्हाई. "म्हणला, तिच्याजवळ कोणीतरी बसा आणि तिला सांगा. मग तिला लगेच फोन करू द्या. दुपारची नमाज झाली की घेऊन जाणार आहेत. त्याच्याआधी तिला आईचं तोंड दाखवायचंय."

"घेऊन जाणार म्हंजी?"

"दफन."

"आन् तुम्ही हे सकाळपासनं पोटात घेऊन बसलात?"

"मी आबांना म्हणलो होतो, फोन करायला सांगा म्हणून," सर म्हणाले. सरबी वडगाव रासाईकडलेच, आमच्यातलेच. "मला वाटलं, जेवण होईल, मग सांगू. त्यांचं घड्याळ आपल्या अडीच तास मागं, तिकडं अजून दुपार व्हायचीय. घास तोंडात असताना कसं सांगायचं, वहिनी?"

आबा म्हणाले, "आगं, फोन काय, नंतरबी करता येतो. पोर घरी पोचूस्तवर ठेवत्यालच की."

सासूबाई माझ्या मागं येऊन उभ्या हुत्या. त्याबी तेच म्हणाल्या. "लेक आल्याबिगर कोण उचलतंय व्हय? असं कुठं असतंय का जगात?"

मला राग कोणाचा करावा तेच कळंना. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी, आन् सगळ्यांनी मिळून त्या पोरीला ताटावर बसवून ठेवलेलं.

मी पेटी उघडली. गोधड्या भिरकावल्या. फोन हातात घेतला तर त्याच्यावर भावाचंच नाव, वरपासनं खालपर्यंत. मी सैपाकघरात शिरले तर सासूबाईंनी मनगट धरलं. "शेवटचा घास तरी, सुलक्षणा. पाया पडते तुझ्या." मी त्यांचा हात झटकला. लग्न होऊन आल्यापासनं सासूच्या अंगाला असा झटका मी पहिल्यांदा दिला.

"मरियम," मी म्हणलं, "तुझी आई मेली."

मेली, असंच म्हणले. देवाघरी गेली, सोडून गेली, असलं नाजूक बोलणं तिला आलं नसतं, आन् मलाबी जमलं नसतं. तिनं माझ्याकडं बघितलं. मग सासूबाईंकडं बघितलं. चेष्टा असंल तर आजी हसंल, म्हणून बघितलं असावं. आजी रडत हुती.

"भावाला फोन लाव. पळ. तोंड बघून घे."

तिनं डाव्या हातानं फोन लावला. उजवा तसाच माखलेला, अंगापासनं लांब धरलेला. एका रिंगंत भावानं उचलला. मागं माणसांचे आवाज हुते, उन्हात उभी असलेली पुष्कळ माणसं. तो बोलला, ती बोलली, मग ती वरडली. मला त्यांची भाषा येत न्हाई. पण त्यानं फोन फिरवला आन् मला दिसलं. लाल माती. ओली, नुकतीच ओढलेली. वर कोणीतरी एक हिरवी फांदी खोचलेली.

नंतर सरांनी मला सांगितलं. भावानं आईच्या तोंडावरचं कापड उघडंच ठेवलेलं. एका हातात फोन धरून तो बहिणीला लावत ऱ्हायला. त्यांचे मौलवी त्याच्यासाठी दोनदा थांबले. तिसऱ्यांदा त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

मरियमनं फोन खाली ठेवला.

"ताई, मी जेवत होते तेव्हा?"

"व्हय."

"आजीला माहीत होतं?"

सासूबाई रश्श्याचं पातेलं हातात धरून तशाच उभ्या. मरियम त्यांच्याकडं वळली. वरडली न्हाई. वरडली असती तर बरं झालं असतं.

"आजी, आमच्यात आधी रडतात. मग जेवतात."

"बाई माझे," सासूबाई म्हणाल्या, "लेक आल्याबिगर उचलत्यात का गं तुमच्यात?"

"हो आजी. आमच्यात थांबत नाहीत."

म्हातारीच्या हातातलं पातेलं मी घेतलं न्हाईतर पडलंच असतं. त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. मरियम मोरीत गेली. साबण लावून हात धुतला, परत लावला, परत धुतला. किती येळ पाण्याचा आवाज येत हुता. मी दाराशी उभी ऱ्हायले. आत जाऊन तिला पोटाशी धरावं असं लई वाटलं, पण माझ्या साडीलाबी मासवडीचा वास येत असणार, म्हणून थांबले.

संध्याकाळी ती निघाली. सासूबाई दारात दह्याची वाटी घेऊन उभ्या. आमच्यात लांब जाणाऱ्या माणसाच्या हातावर दही ठेवत्यात. मरियमनं हात पुढं केला न्हाई. वाकून म्हातारीच्या खांद्याला कपाळ टेकवलं, उलीसंच, आन् गाडीत बसली. वाटी घेऊन सासूबाई गाडी दिसंनाशी होईस्तवर तिथंच उभ्या ऱ्हायल्या.

ती परत आली न्हाई. राहिलेलं शिक्षण तिनं तिकडंच पुरं केलं. मला अधनंमधनं फोन करायची. आजीला दे म्हणायची. मी फोन घेऊन जायचे तर म्हातारी उठून गोठ्यात जायची. "नगं. कोणत्या तोंडानं तिच्याम्होरं जाऊ?" लवंगांची पिशवी म्हातारीनं फडताळात वर सारून दिली. दाढ ठणकली तरी हात लावला न्हाई. मासवडी आमच्या घरात परत झाली न्हाई. आन् सगळ्यात वाईट म्हंजी, म्हातारी कोणाला खा म्हणायची बंद झाली. पावणा आला तरी ताट वाढायची, आन् गप बसायची. त्या एका मंत्राला मी वरीसभर वैतागलेले. त्यो बंद झाल्यावर घर खायला उठलं.

मी लई डाफरले त्यांच्यावर. "आत्या, तुम्ही मायेनंच केलं ना? मग?" त्या म्हणाल्या, "मायेनंच केलं गं. तेच तर."

दिवाळीनंतर त्यांनी अंथरूण धरलं. दौंडच्या डाक्टरानं पोटाचं काहीतरी सांगितलं. खाणं सुटलं. दोन घास खा म्हणायची पाळी आता माझी आली. एक दिवस मी तोंड पुसत असताना त्यांनी माझा हात धरला.

"सुलक्षणा, मरियमचं आईचं तोंड बघायचं ऱ्हायलं माझ्यापायी. माझं तरी दाव तिला. तवर थांबा म्हणावं माणसांना."

"असलं बोलू नका."

"बोलू दे. दावशील ना?"

"दावीन," मी म्हणलं.

पौषात, सकाळी, चहाच्या येळंला गेल्या. निरोप गेले, पावणे आले. भाचे आले, सोयरे आले. न्हाऊ घातलं, नवं लुगडं नेसवलं, हार घातला, तोंडात तुळशीचं पान ठेवलं. मी फडताळातनं एक लवंग काढून त्या पानासंगं ठेवली. कोणी इचारलं न्हाई. आन् फोन घेऊन अंगणाच्या कोपऱ्यात उभी ऱ्हायले. मरियमचा फोन लागंना. तिच्या बेटावर बागेत गेलं की रेंज न्हाई, ती सांगायची. मी लावत ऱ्हायले. लागंना.

उन्हं वर आली. माणसं चुळबुळ करायला लागली. कोणाला पाळीला जायचं, कोणाची मोटर चालू राहिलेली. दोघं-तिघं तिरडीच्या दांड्यांपाशी येऊन उभे ऱ्हायले.

भिमाजी आप्पा म्हणाले, "आता कशाला खोळंबा? सगळे आले. पोटी लेक असती तर तिची वाट बघितली असती. कोण यायचं ऱ्हायलंय आता?"

"उचला मग," मागनं कोणीतरी म्हणलं.

मी तोंड उघडणारच हुते. शिव्याच येणार हुत्या तोंडात, त्यासुद्धा भर अंगणात, सासूच्या मयतापुढं. पण त्याच्याआधी आबांचा हात वर गेला. म्हातारीच्या पायाशी बसलेले ते, डोकं खाली घालून, आन् हात तेवढा वर. मिटिंगमधी जातो तसाच.

"थांबा," आबा म्हणाले. "लेक यायचीय."

भिमाजी आप्पांनी डोक्यावरली टोपी काढली आन् ते मागं सरकले. मी लावत ऱ्हायले. आबांनी हात खाली घेतला न्हाई. दुसऱ्या हातानं त्यो कोपराशी धरून बसले, पण खाली घेतला न्हाई.

मग लागला.

ती उन्हात उभी हुती. मागं चटयांवर लवंगा वाळत घातलेल्या. माझं तोंड बघूनच तिचा चेहरा उतरला.

"आजी मेली, मरियम. सकाळी," मी म्हणलं. "ही बघ. सगळे थांबल्यात तुझ्यासाठी."

मी खाली बसले आन् फोन म्हातारीच्या तोंडाजवळ धरला. फोन हलू नये म्हणून मालकांनी मागनं माझं कोपर धरलं. ती बघत हुती. बघतच ऱ्हायली. मग तिनं तिच्या भाषेत काहीतरी पुटपुटलं, तोंडावरनं हात फिरवला, आन् मराठीत म्हणाली,

"आजी, मी आले."

माझ्या तोंडनं हुंदका फुटला. सकाळपासनं मी रडले नव्हते. ती थांबली, मला रडू दिलं, मग म्हणाली, "आबा, आता न्या."

तवा आबांनी हात खाली घेतला, आन् माणसांनी तिरडी उचलली.